पहिल्या धारेचा दवणा

माझ्या नाकाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मला खपत नाही. रंगाबद्दल बोला, उंचीबद्दल बोला, माझ्या जाड भाकरीबद्दल बोला, मी हसून सोडून देईन. नाकाबद्दल नाही. सव्वीस वर्षं मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात सेंटच्या बाटल्या भरल्या. ड्रममधून नळी, नळीतून बाटली, बाटलीवर झाकण. कागदोपत्री मी पॅकिंगवाली. पण नवीन ड्रम आला की आमचा केमिस्ट कागदाची पट्टी बुडवून गुपचूप माझ्या टेबलाशी यायचा. "बाई, जरा बघा ना."

मी बघायची. "मागच्यापेक्षा पातळ आहे, आणि पाठीमागून रॉकेल येतंय," असं काहीतरी सांगायची. मग तो मालकाच्या केबिनमध्ये जाऊन हेच वाक्य स्वतःचं म्हणून ठोकून द्यायचा. काचेतून दिसायचं सगळं. मालक मान डोलवायचा, केमिस्ट चष्मा पुसायचा. 'बाईंनी सांगितलं' हे दोन शब्द सव्वीस वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याचा राग मला अजून येतो. त्याच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

पुढे गाळा वसईच्या बाजूला गेला, तेव्हा मी काम सोडलं आणि घरी बसले. बसले म्हणजे काय, चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या बैठ्या घरात बसायला जागा असते थोडीच! घरासमोर साडेतीन फुटांची पट्टी आणि वर छोटी गच्ची. ही दोन्ही संस्थानं माझ्या सासूबाईंची. पट्टीत मरवा आणि वासाच्या पानांची पाच, कापलेल्या ड्रममध्ये वाळा, कोपऱ्यात गवती चहा. गच्चीवर मासळीवाल्यांकडून आणलेले थर्माकोलचे खोके, आणि त्यांत दवणा. मासळीचा वास दवण्याला लागत नाही, मी स्वतः तपासलंय.

दवण्याचं बी गावचं, कणकवलीजवळचं. सासरे गिरणीत होते, गिरणी गेली, मग सासूबाईंनी कांदिवलीच्या बाजाराच्या तोंडाशी बसून तीस-एक वर्षं वेण्या विकल्या. अबोली, मध्ये मरव्याची काडी, दवण्याचा तुरा. आता वय ऐंशीच्या घरात, बाजार सुटला, पण बोटं थांबत नाहीत. दवणा राखेच्या रंगाचा, बारीक पानांचा, दिसायला अगदीच गरीब. पण नुसता हात फिरवला तरी पिकल्या फळाचा गोड आणि मागाहून कडवट असा वास दिवसभर बोटांना राहतो.

आणि गंमत बघा, ही सगळी वासाची बाग वाढवणारी बाई कधी कशाचा वास घेत नाही! देवाचं फूल आधी हुंगायचं नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. पण आपण ते पूजेपुरतं पाळतो. सासूबाईंनी ते जन्मभर पाळलं. "गिऱ्हाईक वेणी डोक्यात माळतला का देवीक घालतला, आपणांक काय म्हायत?" असं त्यांचं म्हणणं. "फूल हुंगलां काय ता देवाचां रवलां नाय." म्हणून तुरा खुडताना त्या मान जराशी बाजूला वळवतात. मी लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, मानेला उसण भरली असेल.

आता मढच्या मॅडमची गोष्ट. ही बाई मढ गावातलीच, ख्रिस्ती घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. झाडापानांपासून अत्तर करते, कंपनीतलं काहीही मिसळत नाही. पूर्वी ती आमच्या शेजारच्या गाळ्यात रिकाम्या बाटल्या न्यायला यायची. एकदा आमच्या मालकाने तिच्यासमोर गुलाबाची बाटली धरली, 'अस्सल' म्हणून. मी मागे उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात गुलाब नाही हो, घेऊ नका." मालकाने मला असा काही लुक दिला! पण तिने माझा नंबर मागून घेतला, आणि इतक्या वर्षांनी, मागच्या माघात, तिचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडे दवणा आहे असं मागे म्हणाला होतात. मला दवण्याचं पाणी हवंय, वाफेवर काढलेलं. पहिल्या धारेचं. त्यावर तेलाचा तवंग येतो ना, तो नसेल तर मला नको. जमलं तर दर हंगामात तुमच्याकडूनच घेईन. आणि बाहेरून जो माल येतो, तोही तुम्हाला दाखवत जाईन. तुमच्या नाकावर माझा भरवसा आहे."

फोन ठेवला आणि मी आधी गच्चीवर जाऊन दवण्याचे खोके मोजले, सहा. माल मला दाखवणार! केमिस्टच्या मागून नाही, पुढून. मला दुसरं काही नको होतं, खरंच सांगते.

आमचे हे इलेक्ट्रिशियन. त्यांनी फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडून तांब्याची कोरी नळी आणली, आमच्या पाच लिटरच्या जुन्या कुकरच्या शिट्टीच्या जागी बसवली, आणि तिची वेटोळी बर्फाच्या बादलीतून काढली. कुकरच्या तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर एक दिवस सावलीत कोमवलेला दवणा. वाफ दवण्यातून वर जाते, नळीत गार होते आणि थेंब थेंब बाटलीत उतरते. सोपं आहे. पहिल्या दिवशी निम्मी चाळ दारात. "काय काकू, पहिल्या धारेची का? संध्याकाळी येऊ का ग्लास घेऊन?" मी म्हटलं, "या की, ग्लासात दवणा घालून देईन, बायकोच्या केसात माळा."

चार खोक्यांतला दवणा कापला होता. तीन बाटल्या झाल्या. पहिली भरली तशी सासूबाईंनी हात पुढे केला.

"पयली देवाची. झाकण लाव. नाक लावशीत तर बघ."

मी झाकण लावलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. आमच्याकडे पहिलं भाजीचं फळ, पहिला पगार, नव्या गॅसवरचं पहिलं दूध, सगळं आधी देवापुढे जातं. बाटली देव्हाऱ्यात गेली. दुसरीचा आणि तिसरीचा मी वास घेतला, आणि उड्याच मारायच्या बाकी ठेवल्या. स्वच्छ, गोड, शेवटी तो कडवा काटा. दुसरी अशी, तर पहिली कशी असेल!

पाच दिवसांनी मढला जायचं ठरलं. मॅडमला पहिली धार हवी, आणि पहिली धार देव्हाऱ्यात. देवाचं झालं, आता न्यायला हरकत नाही, असं मी माझ्याच मनाशी ठरवलं. उलट बरंच वाटलं. देवापुढे पाच दिवस राहिलेली बाटली, शकुनाची. तिचं झाकण मधेच उघडून बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्याचा ड्रम न हुंगता पुढे जाऊ दिला नाही मी, आणि स्वतःची बाटली तशीच बंद उचलून, पदर सारखा करून, बसमध्ये जाऊन बसले.

मॅडमचं घर म्हणजे जुना बंगला. पुढचा भाग शूटिंगला भाड्याने. त्या दिवशी अंगणात तुळशीवृंदावन उभं केलं होतं आणि एक माणूस त्यात प्लास्टिकची तुळस खोचत होता. मी मनात म्हटलं, खोच बाबा, खरं सामान मागच्या दाराने चाललंय. मागच्या खोलीत मॅडम. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली, बाटली उघडली, पट्टी बुडवली, नाकापाशी नेली.

तिचा चेहरा काही बदलला नाही. पट्टी तिने हलवली, पुन्हा नेली. मग अगदी हळू विचारलं, "ताई, घरी काय शिजवलं होतं?"

मी पट्टी हिसकावलीच तिच्या हातून. आणि देवा शपथ सांगते, काळ्या वाटाण्याची उसळ! मालवणी मसाला, त्यातलं दगडफूल वेगळं, भाजलेलं खोबरं वेगळं, सगळं जिथल्या तिथे, आणि पाठीमागे बिचारा दवणा. पाणी काढायच्या आधीच्या रविवारी सासूबाईंनी त्याच कुकरात उसळ लावली होती. कुकर मी चिंचेने घासला होता, आरशासारखा. रबराची रिंग मात्र तीच. सगळा मसाला तिच्यात बसलेला, आणि पहिल्या वाफेबरोबर तो सगळाच्या सगळा पहिल्या बाटलीत उतरला. म्हणून तर दुसरी आणि तिसरी स्वच्छ निघाली.

वाट लागली. मी देवाचं, हुंगायचं नसतं वगैरे काहीतरी पुटपुटले. मॅडम हसली नाही, हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "समजलं मला. आमच्याकडेही असलं असतं. पण ताई, तुमच्या स्वतःच्या बाटलीला तुमचं नाक लागलं नसेल, तर माझा माल मी तुम्हाला कोणत्या भरवशावर दाखवू? अजून एकदा आणा. पहिल्या धारेचं. हा हंगाम संपायच्या आत."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, उलटी होतेय. ती पटकन दुसऱ्या सीटवर गेली. तेवढंच बरं झालं.

घरी आल्यावर मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तुमच्या देवापायी माझी अब्रू गेली! सव्वीस वर्षांची!" असं सासूबाईंना दारातूनच म्हणाले. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "वाटाणे माझे, कबूल. पण देवाची बाटली उचलून कोणी नेलान?"

ह्यांनी मध्ये तोंड घातलं, "अगं, रिंग बदलू की, त्यात काय." मग मी सगळा राग ह्यांच्यावर काढला. नवरा त्यासाठीच असतो.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर मी गच्चीवर गेले. दोन खोके दवणा उरला होता. जेमतेम एक बाटली निघेल, पहिली धार, बस. आणि ते दोन खोके कशासाठी ठेवलेत हे मला पक्कं ठाऊक होतं. चैत्रात देवाला दवणा वाहायचा असतो. गावी देवळात वाहतात, इथे सासूबाई घरच्या देव्हाऱ्यात वाहतात. गिरणी बंद पडली त्या वर्षी वाहिला, सासरे गेले त्या वर्षी वाहिला, एकदा टायफॉइडमध्ये भिंत धरून उभ्या राहून वाहिला. तो दवणा मागायचा कसा? आणि नुसता दवणा नाही. निघणारी एकमेव बाटली मला आधी हुंगायची होती, म्हणजे ती देवाला जाणारच नव्हती. मी मागितला नाही. चार दिवस घरात मी फक्त 'जेवायला या' आणि 'पाणी गेलं' एवढंच बोलले. मनात म्हटलं, गेलं आपलं. पुन्हा पॅकिंगवाली.

पाचव्या दिवशी सकाळी चहा ठेवत होते, तर वरून कात्रीचा आवाज. जिना चढून गेले. सासूबाई उकिडव्या बसून दवणा कापत होत्या. एक खोका संपला होता, दुसऱ्याला हात घातला होता.

"अहो, हा चैत्राचा ना?" मी विचारलं.

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "त्या कुकरात नको. रबर कित्याक व्हया? माळ्यावयलो हंडो काढ. कणीक लाव तोंडाक."

तांब्याचा हंडा! पूर्वी त्यात अंघोळीचं पाणी तापायचं, आता दहा वर्षं माळ्यावर पडून. ह्यांनी तो खाली काढला. सासूबाईंनी स्वतः चिंच-मिठाने घासला, मला हात लावू दिला नाही. मी तो आतून-बाहेरून हुंगला, तीनदा. तांब्याशिवाय काही नाही. नळी हुंगली, जाळी हुंगली, बादली हुंगली. हे म्हणाले, "मलापण हुंग एकदा, मीपण इथेच उभा आहे." झाकण म्हणून जड ताट, ताटाला भोक, भोकात नळी, आणि सगळ्या फटींना घट्ट मळलेली कणीक. मसाल्याला राहायला जागाच ठेवली नाही.

मंद गॅसवर अर्ध्या-पाऊण तासाने नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला. मी खाली बसून होते, सासूबाई पाटावर. बाटली भरत आली, वर तेलाचा बारीक तवंग धरू लागला. त्यांनी हात पुढे केला. मी बाटली दिली आणि सवयीने झाकणही पुढे केलं. त्यांनी झाकण घेतलं नाही.

त्यांनी पदराने नाक पुसलं, नीट, दोन्ही बाजूंनी. डोळे मिटले. आणि बाटली नाकाला लावली.

मी इतकी वर्षं वासाच्या धंद्यात काढली, हजार माणसं हुंगताना बघितली. असं कुणाला बघितलं नाही. त्यांची छाती भरली आणि तिथेच थांबली. श्वास सोडायचाच नाही असं ठरवल्यासारखी. ह्यांनी घाबरून "आये?" म्हटलं. मग त्यांनी श्वास सोडला, बाटली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "घे. आता तू बघ. ता काम तुजां."

मी बघितलं. दवणा, फक्त दवणा. मग मी झाकण लावलं.

मढला पुन्हा तीच खोली, तीच खुर्ची. मॅडमने पट्टी बुडवली, नाकापाशी नेली. बाहेर शूटिंगवाले कुणाला तरी ओरडत होते. तिने उठून दार लावून घेतलं आणि परत पट्टी नाकाला लावली.

"ही कुणी पास केली?" तिने विचारलं.

"आधी माझ्या सासूबाईंनी. मग मी."

ती उठली, कपाटातून दुसऱ्या तीन कुप्या काढल्या, तीन पट्ट्या बुडवून माझ्यासमोर ठेवल्या. "ताई, बाहेरून आलेला माल. जरा बघा."

तेच शब्द. केमिस्टचे. पण ही समोर बसून विचारत होती, आणि हातात वही-पेन होतं. मी पहिल्या दोन पट्ट्या खऱ्या सांगितल्या, त्यांतली दुसरी जुनी. तिसरीत निम्मं भलतंच. ती लिहीत गेली. मी न राहवून वाकून बघितलं. ओळीच्या सुरुवातीला तिने माझं नाव लिहिलं होतं, आणि पुढे 'यांनी सांगितलं'. मला जो काही अभिमान वाटला ना, तो मी लपवला नाही. का लपवू? मी तिला म्हटलं, "पुढच्या हंगामाला सहा नाही, दहा खोके लावते."

आमच्या बाटलीला तिने चिठ्ठी लावली. त्यावर माझं नाव, आणि मी सांगितलं म्हणून वर सासूबाईंचं. त्यातलंच थोडं पाणी एका छोट्या कुपीत भरून तिने मला परत दिलं. "त्यांना द्या," म्हणाली.

घरी आले तर सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. चैत्राला अजून पंधरा दिवस होते आणि गच्चीवरचे खोके रिकामे. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, वहीचं, पट्ट्यांचं, चिठ्ठीवरच्या नावाचं. मग म्हटलं, "औंदा देवाला दवणा नाही राहिला हो. माझ्यामुळे." आणि कुपी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी झाकण काढलं. मला वाटलं, आता देवापुढे ठेवतील. त्यांनी ती नाकाला लावली, अगदी सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखी. मग डोळे उघडून देव्हाऱ्याकडे रोखून बघितलं. वेण्या विकताना एखादं गिऱ्हाईक फसवताना सापडलं की त्या असंच बघायच्या.

"इतकी वर्सां," त्या म्हणाल्या, "ह्यो वास तू एकटोच घेत होतंस?"

आणि कुपी परत नाकाला लावली.